आज्ञेचं व्याकरण

२०२५, ११२, ३५०.

या तीन आकड्यांचा अर्थ काय, असं विचारलं तर तुम्ही काय सांगाल? पहिला आकडा बहुधा वर्षाचा. ११२ हा जर्मनीत अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिकेला बोलवायचा नंबर, तो तर इथल्या बालवाडीतल्या पोरांनाही पाठ असतो. पण इथे तो सभासद क्रमांक आहे, आणि ३५० ही त्या सभासदाने मंडळाला दिलेली देणगी, युरोमध्ये. की उलट? सभासद क्रमांक ३५० आणि देणगी ११२? नुसते आकडे बघून ते ठरवता येत नाही.

आपली बरीच मंडळं इथे ‘फेराइन’ म्हणून रीतसर नोंदलेली असतात. फिनान्झआम्टने एखाद्या मंडळाला सार्वजनिक हिताची संस्था म्हणून मान्यता दिली असेल, तर देणगीदाराला करात सवलत मिळते. त्यासाठी ३०० युरोंपेक्षा मोठ्या देणगीला ठरावीक नमुन्यातली पावती लागतेच. त्यात रक्कम आकड्यांत लिहायची आणि अक्षरांतही. पावती जाणूनबुजून किंवा गंभीर निष्काळजीपणाने चुकीची दिली, तर देणगीच्या ३० टक्के रक्कम भरून देण्याची जबाबदारी येऊ शकते. म्हणजे या तीन आकड्यांची अदलाबदल हा गमतीचा विषय नाही. खजिनदार तर बिचारा फुकट काम करणारा माणूस, आणि तोही दर दोन वर्षांनी बदलणारा.

आमच्या मंडळासाठी पावत्यांचा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला आहे. मी मराठीची एम.ए. लग्न होऊन इकडे येईपर्यंत माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. इथे मुलं शाळेत जाऊ लागल्यावर फोल्क्सहोखशुलेच्या संध्याकाळच्या वर्गात पायथन शिकले. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, “अगं, मराठीची बाई तू, कॉम्प्युटरला काय शिकवणार?” मी म्हटलं, “व्याकरण, आई!” तेव्हा चेष्टेत म्हटलं होतं. पण नंतर जसजसं काम केलं, तसतसं पटलं, की ते अक्षरशः खरं आहे. प्रोग्रामला काम सांगताना जे शब्द आपण देतो ते कसे लावायचे, कुणी तपासायचे आणि आत कुणाच्या हाती द्यायचे, हे या लेखात सांगणार आहे. घरातलं एक माणूस दिवसभर हेच करत असतं आणि दुसऱ्याला त्यातलं काही कळत नाही, अशी आपल्यात पुष्कळ घरं आहेत. त्या दुसऱ्यासाठीच हे लिहिलं आहे.

काळी खिडकी

कॉम्प्युटरला काम सांगायच्या दोन मुख्य तऱ्हा. एक आपल्या सगळ्यांच्या सवयीची: चित्रावर बोट ठेवा, बटण दाबा. दुसरी म्हणजे काळ्या खिडकीत वाक्य टाइप करून एंटर दाबा. हिला कमांड लाइन म्हणतात. सिनेमातले हॅकर जिथे धडाधड टाइप करत असतात, तीच ही खिडकी. प्रत्यक्षात ती इतकी भीतिदायक नसते.

त्या वाक्यात पहिला शब्द प्रोग्रामचं नाव असतो. तेच क्रियापद समजा. त्याच्यापुढे येणारे बाकीचे शब्द म्हणजे अर्ग्युमेंट. (नवरा-बायकोत होतात ती अर्ग्युमेंट वेगळी. ती लावून ठेवायची पद्धत अजून कुणी शोधलेली नाही.) ‘प्रत कर’ हे क्रियापद झालं, कशाची आणि कुठे, ही अर्ग्युमेंट झाली.

बटणं असताना हा खटाटोप कशाला? कारण वाक्य लिहून ठेवता येतं. डिसेंबरअखेरीस साठ जणांच्या पावत्या काढायच्या, तर साठ वेळा बटणं दाबण्यापेक्षा एक वाक्य लिहून ठेवणं बरं. पुढच्या वर्षी त्यातला फक्त सालाचा आकडा बदलायचा. शिवाय ते वाक्य ईमेलने दुसऱ्याला पाठवता येतं. ‘वर उजवीकडे ते निळं दिसतंय ना, त्याच्या खालचं’ असं फोनवर समजावत बसावं लागत नाही.

आजी, लाडू आणि विभक्ती

आता शाळेत चला. “आजीने डब्यातून नातवाला लाडू दिला.” या वाक्यातले शब्द हवे तसे फिरवा. “नातवाला आजीने लाडू डब्यातून दिला.” “डब्यातून लाडू नातवाला आजीने दिला.” जोर बदलला, पण देणारी आजीच राहिली आणि लाडू नातवाच्याच हातात पडला. याचं श्रेय विभक्तीचं. ‘ने’ लागला की कर्ता, ‘ला’ लागला की ज्याला द्यायचं तो, ‘ऊन’ लागला की जिथून निघालं ते ठिकाण. शब्दाची वाक्यातली भूमिका त्याच्या जागेवरून ठरत नाही, ती त्याला चिकटलेल्या खुणेवरून ठरते. संस्कृत व्याकरणात यालाच कारक म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त याचा सविस्तर ऊहापोह आहे.

इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे बरंचसं जागेवर अवलंबून. आजी आणि नातू यांच्या जागा बदलल्या, की लाडू देणारा नातू होतो.

जर्मन आपल्या बाजूची आहे. ‘डी ओमा गिब्ट डेम एंकेल डेन लाडू’ म्हणा किंवा ‘डेम एंकेल गिब्ट डी ओमा डेन लाडू’ म्हणा, अर्थ तोच. ‘डेम’ने नातू धरून ठेवला आहे आणि ‘डेन’ने लाडू. बी-वनच्या परीक्षेआधी डाटिफ आणि अक्कुझाटिफच्या नावाने आपण सगळ्यांनी बोटं मोडली आहेत. पण त्या दोन छोट्या शब्दांमुळे जर्मन माणसाला वाक्य हवं तसं फिरवायची मुभा मिळते, हेही खरं.

कमांड लाइनवरही नेमक्या याच दोन तऱ्हा आहेत. पहिली जागेवर चालणारी. युनिक्समध्ये प्रत काढायचा ‘सीपी’ नावाचा जुना प्रोग्राम आहे. त्याला आधी मूळ फाइल सांगायची, मग प्रत कुठे ठेवायची ते. उलटं सांगितलं आणि दोन्ही फाइल आधीच असल्या, तर तो जुन्या मजकुराने नवा मजकूर पुसून टाकतो. सहसा विचारतही नाही. त्याच्या दृष्टीने वाक्य शुद्धच असतं.

दुसरी तऱ्हा विभक्तीची. प्रत्येक किमतीला तिच्या भूमिकेचं नाव द्यायचं. माझ्या प्रोग्राममध्ये वाक्य असं दिसतं:

पावती --वर्ष २०२५ --सभासद ११२ --रक्कम ३५०

आता हे तीन तुकडे कुठल्याही क्रमाने लिहा, फरक पडत नाही. या नावांना ऑप्शन म्हणतात. मराठी प्रत्यय शब्दाच्या मागे लागतो आणि ऑप्शन पुढे येतो, म्हणजे तो जर्मन आर्टिकलच्या जास्त जवळचा. काही ऑप्शन एकटेच येतात, त्यांच्यापुढे किंमत नसते. माझ्याकडे ‘--खरंच’ असा एक आहे. तो लिहिला तरच पावती खरोखर ईमेलने जाते, नाहीतर प्रोग्राम काय पाठवणार तेवढं दाखवतो आणि थांबतो. व्याकरणात त्याला क्रियाविशेषण म्हणता येईल.

पायथनच्या तिसऱ्या पिढीत असे ऑप्शन देवनागरीत ठेवता येतात. आणखी एक गंमत म्हणजे ‘२०२५’ हा देवनागरी अंकांत लिहिलेला आकडाही पायथन संख्या म्हणून बिनतक्रार वाचतो. आमच्या जुन्या सभासदांपैकी एका काकांना हे दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुन्हा स्क्रीनकडे बघितलं.

झूसेच्या कागदांतला समास

बाहेरून येणाऱ्या किमतींची आधी नोंद करायची, मग काम सांगायचं, हा विचार फार जुना आहे आणि त्याचं एक टोक जर्मनीतच सापडतं. कोनराड झूसे (१९१०–१९९५) हा बर्लिनचा इंजिनिअर. त्याने पहिलं यंत्र आईवडिलांच्या घरात, दिवाणखान्यात जोडलं. १९४१ साली त्याने दाखवलेलं झेड-थ्री हे प्रोग्रामवर चालणारं पहिलं कार्यक्षम स्वयंचलित गणनयंत्र मानलं जातं. ते बॉम्बहल्ल्यात गेलं. त्याच्यानंतरचं झेड-फोर झूसेने युद्धाच्या शेवटी बर्लिनहून हलवलं, आणि ते आल्गॉयमधल्या हिंटरश्टाइन या डोंगराळ गावात पोचलं. यंत्र चालवायची सोय नव्हती. तेव्हा त्याने कागदावर एक भाषा पूर्ण केली, ‘प्लानकाल्क्यूल’. ती सविस्तर छापली गेली थेट १९७२ साली.

या भाषेत प्रत्येक कामाच्या सुरुवातीला एक गोषवारा असे. बाहेरून कोणत्या किमती येणार, त्या कोणत्या जातीच्या, आणि उत्तर म्हणून काय बाहेर जाणार. येणाऱ्या किमतींना ‘फाउ’ अक्षर, मधल्यांना ‘त्सेट’, उत्तरांना ‘एर’. अक्षर बघूनच कळावं की हा पाहुणा आहे की घरचा. मला हे वाचून शाळेतली वही आठवली. उजवीकडे सोडलेला समास आणि त्यात लिहिलेलं ‘दिलेले’, ‘काढायचे’. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात मूळ झेड-फोर आहे आणि झेड-थ्रीची प्रतिकृतीही.

एक रेघ, दोन रेघा

आजची आडव्या रेघांची रीत आली ती युनिक्सच्या जगातून. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून ही प्रणाली आकाराला आली. तेव्हा टाइप करायची यंत्रं हळू आणि जड होती, म्हणून सगळं काटकसरीत. प्रोग्रामचं नाव दोन अक्षरांचं, ऑप्शन एक रेघ आणि एक अक्षर. पण अक्षरं लवकर संपतात, आणि एकाच अक्षराचे घरोघरी वेगळे अर्थ होतात. ‘सीपी’ला ‘-व्ही’ सांगितलं तर तो काय करतोय ते बोलून दाखवतो. ‘ग्रेप’ नावाच्या शोधणाऱ्या प्रोग्रामला ‘-व्ही’ सांगितलं तर तो जे जुळत नाही तेच दाखवतो.

सुरुवातीला प्रत्येक प्रोग्राम हे शब्द आपापल्या पद्धतीने वाचायचा. मग ‘गेटऑप्ट’ नावाची एक सामायिक सोय आली. १९८५ साली एटी अँड टी कंपनीने तिचा मजकूर सगळ्यांना वापरायला खुला केला. पुढे ग्नू प्रकल्पाने दोन रेघा आणि पूर्ण शब्द ही रीत रुजवली. ‘--हेल्प’ आज जवळपास सगळीकडे चालतं, त्यामागे हीच परंपरा आहे.

वाक्य वाचून त्यातल्या प्रत्येक शब्दाची भूमिका ठरवणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. परीक्षेत प्रश्न असायचा ना, ‘खालील शब्दांचे व्याकरण चालवा’? शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगा. त्यालाच पदपरिस्फोट म्हणतात, आणि इंग्रजीत व्याकरणाच्या तासाला त्यालाच पार्सिंग म्हणतात. कॉम्प्युटरवाल्यांनी तो शब्द व्याकरणाच्याच वर्गातून नेला. दहावीच्या वर्गांचं व्याकरण मी कितीतरी वेळा चालवून घेतलं आहे, त्यामुळे इथे मला अजिबात परकं वाटलं नाही.

वाड्याची देवडी

आता प्रोग्रामच्या आत जाऊ. आजचे बरेच प्रोग्राम ‘ऑब्जेक्ट’ पद्धतीने लिहिले जातात. या कल्पनेचा उगम नॉर्वेत झाला. १९६०च्या दशकात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार यांनी ‘सिम्युला’ ही भाषा तयार केली, तिच्यात. सोपं करून सांगायचं तर प्रोग्राम म्हणजे एक मोठा वाडा. आत वेगवेगळी माणसं. प्रत्येकाकडे आपापली माहिती आणि आपापलं काम. पावती लिहिणारा एक, सभासदांची वही सांभाळणारा एक, ईमेल पाठवणारा एक. हे झाले ऑब्जेक्ट. आणि ‘पावती लिहिणारा’ कसा असावा याचं जे वर्णन, तो क्लास. आमच्या शाळेतला क्लास नव्हे, साच्यासारखं समजा.

प्रश्न असा, की काळ्या खिडकीतून आलेलं वाक्य या वाड्यात कुणी वाचायचं?

सोपा दिसणारा मार्ग म्हणजे ते ओसरीवरच्या फळ्यावर लिहून ठेवायचं आणि ज्याला लागेल त्याने येऊन वाचायचं. पायथनमध्ये असा फळा खरोखर असतो, आलेले सगळे शब्द त्यावर ओळीने मिळतात. मग पावतीवाला येऊन तिसरा शब्द वाचतो, ईमेलवाला पाचवा. प्रोग्राम लहान असेपर्यंत हे छान चालतं. पण उद्या मध्ये एक शब्द वाढला, की तिसऱ्याचा चौथा होतो आणि हे वाड्यातल्या प्रत्येकाला जाऊन सांगावं लागतं. दुसरं म्हणजे आकडा बरोबर आहे की नाही हे तपासायचं कुणी? प्रत्येक जण समजतो, आधीच्याने बघितलं असेल. तिसरी अडचण सगळ्यात मोठी. उद्या खजिनदार म्हणाले की काळी खिडकी नको, वेबपेजवर बटण द्या, तर हा पावतीवाला निरुपयोगी ठरतो. त्याला फळ्यावरूनच वाचायची सवय!

दुसरा मार्ग देवडीचा. जुन्या वाड्यांना दरवाजाशी देवडी असे आणि तिथे पहारेकरी. आलेल्या माणसाची चौकशी तिथेच व्हायची. प्रोग्राममध्येही तसंच करायचं. बाहेरचे शब्द देवडीवर एकदाच वाचायचे. प्रत्येकाची भूमिका ठरवायची, आकडा आहे ना, वर्ष पुढचं तर नाही ना, सभासद वहीत आहे ना, हे तिथेच बघायचं. चूक असेल तर तिथूनच नम्रपणे परत पाठवायचं. सगळं ठीक असेल तर तपासलेल्या माहितीचा एक नीटस कागद तयार करायचा आणि तोच आत द्यायचा, ज्याला जेवढं लागतं तेवढंच. आतल्या माणसाला काळ्या खिडकीची माहितीच नसावी. त्याच्या हातात कागद आला, की त्याने निःशंक काम करावं.

माझ्या मते या विषयाचं सार यातच आहे. शब्दाची भूमिका नावाने सांगा, ती एकदाच आणि दारातच तपासा, आणि आत शब्द पाठवू नका, अर्थ पाठवा.

ट्युबिंगेनचा धडा

हे नुसतं पुस्तकी नाही. जर्मनीतून उभ्या राहिलेल्या एका मोठ्या प्रकल्पाने हा प्रवास प्रत्यक्ष केला आहे. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी ट्युबिंगेन विद्यापीठातल्या माटियास एट्रिश या विद्यार्थ्याने एक आवाहन केलं. लिनक्सवर सामान्य माणसाला वापरता येईल असा, सगळीकडे सारखा दिसणारा डेस्कटॉप आपण मिळून बनवू या. त्यातून केडीई उभं राहिलं. पहिली आवृत्ती १९९८ साली आली. जगभरातल्या स्वयंसेवकांनी ते वाढवलं, त्याचं मराठी भाषांतरही झालं. २००९ साली एट्रिशना या कामासाठी जर्मनीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

केडीईचा प्रत्येक प्रोग्राम बटणांचा, पण तो काळ्या खिडकीतूनही सुरू करता येतो. शिवाय आत तीन थर. सगळ्यात खाली ‘क्यूट’ नावाचा पाया, त्यावर केडीईचा सामायिक भाग, त्यावर तो प्रोग्राम. तिन्ही थरांचे आपापले ऑप्शन. ते एकमेकांत गोंधळू नयेत म्हणून ‘के-कमांड-लाइन-अर्ग्ज’ नावाचा एक क्लास लिहिला गेला. प्रत्येक थराने आपले ऑप्शन तिथे नोंदवायचे, आणि मदतीचा मजकूर वापरणाऱ्याच्या भाषेत दाखवायची जबाबदारी त्याची. मोठीच सोय होती ती. पण त्याची रचना होती सगळ्या वाड्यासाठी एकच फळा, अशी. कुठल्याही कोपऱ्यातून कुणीही त्याला विचारू शकत असे.

डिसेंबर २०१३मध्ये क्यूटच्या ५.२ या आवृत्तीत याच कामासाठी नवा क्लास आला, ‘क्यू-कमांड-लाइन-पार्सर’. पुढच्या वर्षी केडीईच्या पायाभूत भागांची नवी पिढी आली, तेव्हा जुना क्लास बाजूला ठेवून हाच वापरायचं ठरलं. यात फळा नाही. प्रोग्राम सुरू होताना दारातच पार्सरचा एक ऑब्जेक्ट तयार करायचा. प्रत्येक ऑप्शन हाही स्वतंत्र ऑब्जेक्ट. त्याचं नाव, वर्णन, किंमत लागते की नाही, हे त्याच्याजवळच. तो पार्सर ज्याला आपले ऑप्शन घालायचे आहेत त्याच्या हाती द्यायचा, मग वाक्य वाचायचं, आणि उत्तरं घेऊन पुढे जायचं. त्यात वाचायच्याही दोन तऱ्हा आहेत. एकीत चूक सापडली की पार्सर स्वतःच संदेश दाखवून प्रोग्राम थांबवतो. दुसरीत तो फक्त ‘जमलं नाही’ एवढं सांगतो आणि पुढचं आपल्यावर सोपवतो. दुसरी तऱ्हा चाचणी घेताना उपयोगी पडते. चाचणीत प्रोग्रामच बंद पडला तर पेपर कोण तपासणार!

मंडळाची पावती

एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा धडा आमच्या मंडळाच्या घरगुती कामाला लागू पडतो का? तंतोतंत. पायथनमध्ये यासाठी ‘आर्गपार्स’ नावाचं साधन २०१०च्या २.७ आवृत्तीपासून भाषेबरोबरच मिळतं. वेगळं काही आणावं लागत नाही.

माझ्या प्रोग्रामला तीन कामं येतात. ‘यादी’ देणग्यांची यादी दाखवते, ‘पावती’ एक पावती काढते, आणि ‘आठवण’ वर्गणी राहिलेल्यांना पत्र पाठवते. प्रत्येक कामाचा एक क्लास. प्रत्येक क्लासला दोनच गोष्टी यायला हव्यात, मला कोणते ऑप्शन लागतात हे देवडीवर नोंदवणं आणि सांगितल्यावर काम करणं. त्यामुळे ‘हे असेल तर ते कर, नाहीतर ते असेल तर’ अशी लांबलचक माळ कुठेच नाही. उद्या गणपतीच्या स्वयंसेवकांची यादी हवी झाली, तर चौथा क्लास लिहायचा. पहिल्या तिघांना हातही लावायचा नाही.

देवडीवर सर्वांत जास्त विचार करावा लागला तो रकमेचा. आपण ‘१,५००’ लिहिलं तर पंधराशे. जर्मन माणूस तेच दीड वाचतो, कारण इथे स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह आणि हजारासाठी टिंब. एकाच मंडळात दोन्ही सवयींची माणसं, तीही एकाच घरात! म्हणून नियम ठरवला. हजाराची खूण चालणार नाही. पूर्ण युरो लिहा, किंवा स्वल्पविराम देऊन बरोबर दोन अंकी सेंट लिहा. ‘३५०’ चालेल, ‘३५०,५०’ चालेल. ‘१,५००’ आलं तर प्रोग्राम अंदाज करत नाही, परत विचारतो. एकदा ही तपासणी झाली, की आत जाते ती ‘रक्कम’ नावाच्या ऑब्जेक्टमध्ये, सेंटमध्ये मोजलेली. तिथे टिंब नाही की स्वल्पविराम नाही. पावतीवाला ती आकड्यांत लिहितो आणि जर्मन अक्षरांतही. जर्मनमध्ये पंचेचाळीसला ‘पाच आणि चाळीस’ म्हणतात. इंग्रजीवाले याला हसतात, पण आपल्याला हसायचा अधिकार नाही. आपलं ‘पंचेचाळीस’ही पाचानेच सुरू होतं.

आणखी तीन बारकावे सांगते. आर्गपार्स मुळात ऑप्शनचं नाव अर्धवट लिहिलं तरी ओळखतो. ही सोय मी मुद्दाम बंद ठेवली आहे. आज ‘--वर’ म्हणजे वर्ष. उद्या मी ‘--वर्गणी’ आणलं तर खजिनदारांनी लिहून ठेवलेली जुनी वाक्यं अडतील. दुसरं, चूक सांगणारी मेथड. आर्गपार्सचा क्लास वारशाने घेऊन त्यातली तेवढी एकच मेथड बदलली, की आधी साध्या मराठीत सूचना येते: ‘वर्ष लिहायचं राहिलं आहे, --मदत लिहून पाहा.’ वारसा म्हणजे काय, हे मला वर्गात कळलं होतं. पण आईची पैठणी घेऊन फक्त काठ नवे लावावेत तसं ते आहे, हे या मेथडने कळलं. तिसरं, ईमेलचा पासवर्ड आज्ञेत कधीच लिहायचा नाही. काळी खिडकी आधीची वाक्यं लक्षात ठेवते, आणि एकाच कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या दुसऱ्याला चालू प्रोग्रामची अर्ग्युमेंट दिसू शकतात.

तपासून झालेला तो कागद पुन्हा खाडाखोड करता येऊ नये, याचीही सोय आहे. पायथनच्या ३.७ आवृत्तीपासून (२०१८) ‘डेटाक्लास’ मिळतो, तो ‘गोठवलेला’ ठेवता येतो. मध्येच कुणी वर्ष बदलू पाहिलं तर पायथन हरकत घेतो. सही झालेल्या पावतीसारखंच.

पुढच्याच्या हाती

हा सगळा खटाटोप कुणासाठी? कॉम्प्युटरला काही फरक पडत नाही. त्याला तीन नुसते आकडे दिले तरी तो आनंदाने घेईल. फरक पडतो तो पुढच्या माणसाला.

आमच्याकडे निवडणूक झाली आणि नवे खजिनदार आले. ते इथे गोदामांच्या नियोजनात काम करतात, प्रोग्रामिंगशी संबंध नाही. त्यांना मी फोनवर एकच गोष्ट सांगितली, “भाऊजी, आधी ‘--मदत’ लिहा.” प्रत्येक क्लासने आपापले ऑप्शन नोंदवलेले असल्यामुळे मदतीचा मजकूर आपोआप तयार होतो. कोणतं काम, त्याला काय लागतं, उदाहरण काय. अर्ध्या तासाने त्यांचा संदेश आला, “वहिनी, सात पावत्या बघितल्या, बरोबर वाटतात. आता ‘--खरंच’ लिहू का?” मी म्हटलं, लिहा.

परदेशातली आपली मंडळं अशीच चालतात. कुणी तरी दोन वर्षं जीव ओतून काम करतं, मग बदली होते, गाव बदलतं, घरी बाळ येतं, आणि काम दुसऱ्याकडे जातं. त्या दुसऱ्याला फक्त ‘तिसरा आकडा रक्कम असतो’ अशी तोंडी खूण मिळाली, तर दोन माणसांनंतर ती खूण हरवते. भूमिका नावाने लिहिलेली असेल तर हरवत नाही. आज्ञा वाचूनच कळते.

आणि एक आमच्यासारख्यांसाठी. इथे आलेल्या कितीतरी जणी मराठीच्या, इतिहासाच्या, संस्कृतच्या पदव्या कपाटात ठेवून बसल्या आहेत. ‘इथे त्याचा काय उपयोग’, हे वाक्य भारतातले नातेवाईकही ऐकवतात आणि आपण स्वतःलाही. उपयोग आहे. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला ‘तू इथे कोण?’ असं विचारायची सवय आपल्याला लागलेली असते, आणि देवडीवर नेमकी तीच लागते. बाकीचं शिकता येतं.

या हिवाळ्यात शनिवारच्या मराठी शाळेच्या वेळात, मुलं वर्गात असताना, पालकांसाठी पायथनचा छोटा वर्ग घ्यायचं ठरवलं आहे. लॅपटॉप दुसऱ्या तासापासून आणायचा. पहिल्या तासाला वही आणि पेन पुरे. पहिला धडा विभक्तीचा.